नळीवरची रेघ

सापगावच्या फाट्यावर सकाळची सात चाळीसची मुरबाड गाडी पकडायची, डावीकडची खिडकी धरायची आणि शेजारच्या सीटवर आपली पिशवी ठेवून द्यायची, म्हणजे नको ती मंडळी येऊन टेकत नाहीत. अक्षदाचा हा दोन वर्षांचा नेम होता, आणि कंडक्टरलाही तो पाठ झाला होता. दोन हजार पाच सालच्या ऑगस्टात एका सोमवारी मात्र शेणव्याला गाडी थांबली, तिने पास काढायला पिशवी मांडीवर घेतली, आणि तेवढ्यात खिडकीतून थर्माकोलचा एक डबा आत आला. तिच्या नाकासमोरून सरकला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे तिने पुष्कळ पाहिले होते. पण डबा? तोही ओला, सुतळीने बांधलेला, आणि वास असा की आत अख्खा मासळीबाजार असावा.

डब्यामागोमाग एक तरुण आला. पावसाने केस कपाळाला चिकटलेले, खिशाला दोन पेनं. त्याने डबा उचलून पायाशी ठेवला आणि अगदी अदबीने विचारलं, बसू का म्हणून. ती म्हणाली, तुमचा डबा आधीच बसलाय, आता तुम्हाला नाही कसं म्हणणार. तो हसला. हसला तेव्हा त्याच्या एका गालाला खळी पडली, आणि अक्षदाने ती पाहिली न पाहिल्यासारखी केली.

गाडी किन्हवलीच्या वाटेला लागली तरी तिचं लक्ष त्या डब्यावरच.

"काय आहे त्यात?" शेवटी तिने विचारलंच.

"काय नाय," तो म्हणाला. "गारवा आहे."

आता याला काय म्हणावं! सरळ विचारलं तर सरळ सांगायला काय जातं माणसाचं? अक्षदाने तोंड खिडकीकडे फिरवलं ते मुरबाडपर्यंत. तिथे ती उतरली, तर तो उतरला. ती आपल्या कंपनीच्या रस्त्याला लागली, तर तोही डबा सांभाळत मागे. तिने चालण्याचा वेग वाढवला, त्यानेही वाढवला. गेटपाशी पोचल्यावर वॉचमनच्या भरवशावर ती गर्रकन वळली आणि आवाज चढवून म्हणाली, माझ्या मागे का येताय? वॉचमनच मधे पडला. म्हणाला, मॅडम, हे हरेश, आपल्या लॅबमधले नवे. तुम्ही तापाने घरी होता ना, त्याच शनिवारी हजर झाले.

तिला तोंड लपवायला जागा राहिली नाही. आणि तो शहाणा खाली बघून सुतळीची गाठ नीट करत होता, म्हणजे हसू दिसायला नको.

आता अक्षदाच्या संशयी स्वभावाचं सांगायचं, तर तो तिने कमावलेला नव्हता, घरातूनच आलेला. तिचे वडील दामू सापगावात दूध गोळा करून शहापूरच्या हॉटेलांना घालत. दुधाच्या धंद्यात ज्याने विश्वास ठेवला तो बुडाला, असं त्यांचं ठाम मत. घेतलेल्या दुधाचा थेंब ते तिरक्या काचेवर सोडत. चांगलं दूध सावकाश उतरतं आणि मागे पांढरी वाट ठेवतं. पाणी घातलेलं दूध धावत सुटतं, मागे काही ठेवत नाही. शिवाय घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाटलीवर ते पेनाने पातळीची रेघ मारत. वाटेत कुणी घोटभर काढून पाणी भरलं तर कळावं म्हणून. पोरगी ते बघत वाढली. ती शिकली, बी.एस्सी. झाली, पण रेघ मारायची सवय काही सुटली नाही.

आणि कामही तिला असं मिळालं, की सवय सुटायचं कारणच नाही. कंपनी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीला लागून, पण कुंपणाच्या बाहेर. गुरांच्या रोगांची तपासणी करायची किट तिथे बनत. रक्ताच्या बाटल्या येतात-जातात म्हणून गावात तिला रक्ताची कंपनी म्हणत. किटमधलं प्रोटीन ठीक आहे की नाही हे पाहायचं काम अक्षदाचं. प्रोटीन एका पांढऱ्या कागदावर उतरवायचं, कागद दुधाच्या पावडरीच्या पाण्यात भिजवायचा (यावर दामू पोट धरून हसले होते, की तिथेही पावडरचंच दूध), मग अँटिबॉडी घातलेल्या पाण्यात तो हलवत ठेवायचा. अँटिबॉडी आपलं प्रोटीन बरोबर हुडकून त्याला चिकटते, आणि शेवटी रंग घातला की त्या जागी तपकिरी पट्टी उमटते. पट्टी गडद आली की बॅच पास.

अँटिबॉडीची नळी करंगळीच्या पेराएवढी, आणि मागवली की यायला तीन महिने. म्हणून ती एकास हजार पातळ करायची. दहा मिलिलिटर पाण्यात दहा मायक्रोलिटर, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. हा हिशेब अक्षदा झोपेतही करेल. प्रत्येक वेळी थेंब काढला की ती नळीवर बारीक पेनाने नवी रेघ मारायची, रजिस्टरात आकडा लिहायची, आणि रजिस्टर कपाटात कुलपाआड. किल्ली गळ्यातल्या साखळीत.

हरेशचं टेबल तिच्या समोरच आलं. तो शेणव्याच्या बाहेरच्या आदिवासी वाडीतला. घरी शेत नाही, आई मंगळी भातसा धरणाच्या पाण्यातली मासळी विकायची, बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचा. आश्रमशाळेत शिकून पोरगा पदवीधर झाला होता आणि वर्षभर मुंबईच्या एका मोठ्या लॅबमध्ये हरकाम्या म्हणून राहून पुष्कळ काही बघून आला होता. हे सगळं अक्षदाला भांडी धुणाऱ्या ठमी मावशीकडून कळलं. मावशीला न विचारताही सगळं कळायचं.

तर हा हरेश रोज शेणव्याला चढायचा आणि तिच्या शेजारी बसायचा. पिशवी उचलायला ती मुद्दाम उशीर करायची, आणि तो मुद्दाम उभा राहायचा. भाताच्या वासाचा वारा खिडकीतून यायचा, तिची ओढणी उडून त्याच्या हातावर पडायची... आणि तो हात हलवायचा नाही. लॅबमध्ये ती सकाळी येऊन बघते तर थेंब मोजायच्या पिपेटच्या प्लास्टिक टोकांची डबी भरून ठेवलेली. रोज. एकदा तिने विचारलं, हे कोण करतं? तो म्हणाला, रिकामी दिसली म्हणून भरली, मोकळे हात बरे दिसत नाय. दुसऱ्या कुणाला गोड वाटलं असतं. अक्षदाला वाटलं, एवढं चांगलं फुकट कोण वागतं? फार पांढरं दिसणारं दूध तिच्या बापाने कधी बिनतपासता घेतलं नव्हतं.

त्यात तो डबा. दर शनिवारी संध्याकाळी सुतळी बांधून शेणव्याला जायचा, सोमवारी सकाळी परत यायचा. एकदा तिने पुन्हा विचारून पाहिलं. तर म्हणाला, "तुमी ओळखा. ओळखलंत तर एक दिवस खिडकी तुमची."

"खिडकी माझीच आहे," ती म्हणाली.

"मग बघा. तुमाला काय गरजच नाय ओळखायची."

कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिच्या मनाने घेतलं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही काही घेतलं होतं. रविवार तिला लांब वाटायला लागला होता. हे स्वतःशी कबूल करण्यापेक्षा संशय घेणं तिला सोपं जात होतं.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, आणि लगोलग मामाच्या मुलीचंही. शनिवारची रजा काढून अक्षदा खर्डीला जाऊन आली. सोमवारी लग्नाच्या जागरणात नळीकडे नीट न बघता, रेघ न मारताच काम लावलं, आणि दुपारी कागदावर पट्टी उमटली ती अशी फिकट, की चष्मा लावून शोधावी.

तिने हात चुकला म्हणून मंगळवारी पुन्हा केलं. तेच. मग रेघ मारायला तिने नळी उजेडात धरली. रजिस्टराप्रमाणे नळीत दोनशे मायक्रोलिटर हवं होतं. तिची लग्नाआधीची रेघ तिथेच होती. पण पातळी रेघेच्या वर, चांगली दुप्पट!

दूधवाल्याच्या मुलीला अर्थ लावायला वेळ लागला नाही. कुणीतरी आतलं काढून घेतलं होतं आणि पाणी भरून ठेवलं होतं. रजिस्टर कुलपात, त्यामुळे नळीवरच्या इतक्या रेघांतली शेवटची कोणती हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून भरताना अंदाज चुकला. शनिवारी लॅबमध्ये कोण होतं? हरेश. शनिवारी गेटबाहेर डबा कुणाचा जातो, ज्यात गारवा असतो? अँटिबॉडी गारव्यातच न्यावी लागते. सगळं कसं चपखल बसलं. इतकं बसलं की तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा तिला फार राग आला.

बुधवारी अनिल सरांनी बोलावून घेतलं. लॅबचे ते प्रमुख, मनाने वाईट नव्हते, पण बॅच अडकली की त्यांचं डोकं फिरायचं. पट्टी फिकट का, याचं उत्तर त्यांना हवं होतं. अक्षदाने उत्तर दिलं. सर म्हणाले, लिहून दे. तिने लिहून दिलं. सरांनी सांगितलं, शनिवारी तो डबा गेटवर उघडू आणि त्याला तिथूनच घरी पाठवू, तोवर तोंडातून शब्द काढू नकोस. आणि नळीत पाणी किती घातलंय त्याचा आकडा मला शनिवारी दे, आकड्याशिवाय आरोप टिकत नाही.

मधले दोन दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. टोकांची डबी तशीच रोज भरलेली. शुक्रवारी गाडीत तो हळूच म्हणाला, "चार दिवस झाले, तुमी बोलत नाय... माझं काय चुकलं असंल तर सांगा."

"काही नाही," ती म्हणाली, बाहेर बघत. चोर असंच विचारतो, असं तिने मनाला बजावलं. मन ऐकत नव्हतं. शेतात कापणी चालली होती, बायका वाकून पेंढ्या बांधत होत्या, आणि शेजारी तो अंग चोरून बसला होता, तिच्या ओढणीला धक्का लागू नये म्हणून.

शनिवारी सकाळपासून अक्षदा आकड्याच्या मागे लागली. एकाच कागदाच्या तीन पट्ट्या कापल्या. पहिलीला एकास हजार, दुसरीला दुप्पट म्हणजे एकास पाचशे, तिसरीला त्याच्याही दुप्पट, एकास अडीचशे. जी पट्टी जुन्या, चांगल्या पट्टीसारखी गडद येईल, त्यावरून किती पाणी घातलं ते उघड होणार होतं. दुपारी चारला रंग चढला. पहिली फिकट. तिसरी काळीकुट्ट. आणि दुसरी... दुसरी शेजारी ठेवलेल्या जुन्या पट्टीसारखी तंतोतंत. केसभर कमी नाही, जास्त नाही.

म्हणजे बरोबर निम्मं. तिने आकडा लिहिला, आणि लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं.

बरोबर निम्मं? पाणी घालणारा हाताच्या अंदाजाने घालतो. आज घोटभर, उद्या पेलाभर. दामूंच्या आयुष्यात एकाही गवळ्याने मोजून निम्मं पाणी घातलं नव्हतं. निम्मं घालायला आधी आत किती आहे ते मोजावं लागतं, आणि चोरी करणारा इतकी तसदी घेत नाही.

ती उठली. फ्रीजर उघडला. काल रात्रभर वीज होती, आजूबाजूच्या सगळ्या नळ्या दगडासारख्या गोठलेल्या. तिची नळी तेवढी पातळ. सोमवारपासून ती पातळच निघत होती. लोडशेडिंगमुळे वितळली असेल म्हणून तिने लक्षही दिलं नव्हतं. पाणी असतं तर गोठायला नको होतं का?

मग तिने जे केलं ते कुठल्याही पुस्तकात नाही. काचेची पट्टी घेतली, तिरकी धरली, आणि बापासारखा एक थेंब वरून सोडला.

थेंब धावला नाही. सावकाश, अगदी सावकाश उतरला, मागे चकचकीत वाट ठेवत. दुधापेक्षाही दाट. पाणी नव्हतंच ते. ग्लिसरीन होतं. घट्ट, गोडसर, न गोठणारं.

फ्रीजरच्या तळाशी बर्फाचा थर साचला होता. त्यात कडेला काहीतरी पिवळं दिसत होतं. तिने चमच्याने खरवडून काढलं. साध्या चिकटपट्टीला अडकलेली चिठ्ठी, शाई पसरलेली, पण वाचता येत होती.

"अक्षदा मॅडम, आज लाइट सहा तास नव्हती, जनरेटरपण बंद. तुमची नळी चौथ्यांदा वितळली. अशाने खराब होईल, म्हणून जेवढ्याला तेवढं ग्लिसरीन घातलंय. आता गोठणार नाय, वितळणार नाय. इथून पुढे दहाच्या जागी वीस घ्या. रजिस्टरात लिवलं असतं, पण कपाटाला कुलूप. थंडीत टिकणारी टेपपण आतच आहे. तुमची रेघ पुसली नाय. समजलं नाय तर विचारा. लग्नाचे लाडू आणा. हरेश."

घड्याळात साडेपाच, म्हणजे सुटायची वेळ, होत आली होती.

अक्षदा धावली. अंगावर पांढरा कोट तसाच, एका हातात चिठ्ठी, एका हातात ओली कागदी पट्टी. गेटपाशी घोळका दिसला. अनिल सर, वॉचमन, ठमी मावशी, आणि मधे हरेश. डब्याची सुतळी सुटलेली. आत बर्फाच्या निळ्या पिशव्या, कुरिअरच्या पार्सलात येतात आणि नंतर कचऱ्यात जातात त्या. चार पिशव्या, बाकी काही नाही. ठमी मावशी सरांना सांगत होती, की रविवारच्या बाजारापर्यंत आईची मासळी ताजी राहावी म्हणून पोरगा त्या नेतो, मीच काढून देते, तुम्ही टाकूनच देता ना? पण सरांचा सूर बदलला नव्हता. डब्याचं राहू दे, नळीचं काय, असं ते विचारत होते. आणि हरेश सांगत होता, की घातलं मीच, चिठ्ठी लावली होती, मॅडमनी वाचली असेल असं वाटलं. मग कुठाय ती चिठ्ठी, असं सरांनी दरडावून विचारलं.

"ही घ्या," अक्षदा म्हणाली. तिला धाप लागली होती. "चिठ्ठी ही. चूक माझी आहे सर. पाणी नाही, ग्लिसरीन आहे. त्याने नळी वाचवली, नाहीतर आपण तीन महिने थांबलो असतो. माझं कपाट कुलपात होतं म्हणून त्याला लिहिता आलं नाही. तक्रार मी केली होती, मीच मागे घेते."

तक्रार तिने केली, हे हरेशला तेव्हा कळलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, एकदाच. राग असता तर तिला सोसला असता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

सरांनी चिठ्ठी वाचली, पट्टी पाहिली. दोघांनाही चार शब्द सुनावले, त्याला न विचारता हात लावल्याबद्दल आणि तिला विचारल्याशिवाय ठरवल्याबद्दल. मग तिच्याकडून तिथल्या तिथे तक्रार मागे घेतल्याचं लिहून घेतलं आणि म्हणाले, सोमवारी दोघं वेळेवर या. हरेश म्हणाला, "मी येईन का नाय ते आत्ता नाय सांगत सर."

परतीच्या गाडीत तो पुढे, ड्रायव्हरमागे बसला. तिच्या शेजारची सीट रिकामी. तिने पिशवी ठेवली नाही, तरी कुणी बसलं नाही. शेणवा यायच्या आधी ती उठून त्याच्याजवळ गेली, दांड्याला धरून उभी राहिली. माफ करा म्हणाली.

"डबा तर सगळ्यांनाच दिसायचा," तो म्हणाला. "वॉचमनला, मावशीला. कुणाला चोर वाटलो नाय. तुमाला वाटलो." गाडी थांबली. "वाडीतला आहे म्हणून का?"

तिला नाही म्हणायचं होतं. पण खोटं तिच्या तोंडून निघालं नाही. त्यातलं किती वाडीमुळे होतं आणि किती तिच्या भित्र्या मनामुळे, हे तिला मोजता येत नव्हतं. तो उतरून गेला, आणि डबा घेऊन वाडीच्या वाटेला लागला, मागे वळून न बघता.

तो रविवार अक्षदाने कसाबसा ढकलला. म्हशींजवळ बसून ती रडली, आणि दामूंनी विचारलं तेव्हा सगळं सांगूनही टाकलं. बापाने ऐकून घेतलं. वाडीचं नाव निघालं तेव्हा कपाळाला आठी पडली, लपवली नाही त्यांनी. मग दुधाची कासंडी घासायला घेतली, आणि म्हणाले, थेंब तू सोडलास ना काचेवर? मग थेंबाने सांगितलं ते मान. मी कोण वेगळं सांगणार?

सोमवारी सात चाळीसच्या गाडीत तिच्या मांडीवर एक बाटली होती. शेजारची सीट तिने मोकळी ठेवली होती. लेनाड गेलं. शेणव्याच्या थांब्यावर गाडी उभी राहिली. भाजीच्या पाट्या घेऊन दोन बायका चढल्या, एक म्हातारा चढला, शाळेची पोरं चढली. तिने मान लांब करून पाहिलं. तो नव्हता. कंडक्टरने दोरी ओढली, घंटी वाजली, आणि अक्षदाला वाटलं, झालं. एवढंच होतं आपलं.

गाडीने हिसका दिला आणि खिडकीतून डबा आत आला. तिच्या नाकासमोरून सरकून शेजारच्या सीटवर बसला. बाहेर कुणीतरी गाडीच्या अंगावर थापा मारत होतं, कंडक्टर शिव्या घालत होता, आणि हरेश धापा टाकत वर चढत होता.

तिने डबा उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. तो बसला. किन्हवली आली. मग तिनेच बाटली पुढे केली.

"दूध आहे. तुमच्या आईसाठी. गार राहील ना डब्यात संध्याकाळपर्यंत?"

त्याने बाटली हातात घेतली, उजेडात धरून फिरवली. एकदा, दोनदा. तिच्या घरच्या बाटल्यांवरच्या रेघांबद्दल त्याने तिच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं.

"हिच्यावर रेघ नाय," तो म्हणाला.

"नाही मारली." तिने मान वर केली. आता लाजून भागणार नव्हतं. "मला तू आवडतोस. ऑगस्टपासून. म्हणून भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी रेघा मारते. वाडीचंही होतं मनात... नव्हतं म्हटलं तर खोटं होईल. ते माझ्या मनातलं मी काढीन. तू फक्त उतरू नकोस मधेच."

तो बाटलीकडे बघत राहिला. गालावरची खळी आधी आली, हसू मागून.

"तपासून घे हवं तर," ती घाईघाईने म्हणाली. "काचेवर थेंब सोडून. मला राग नाही यायचा."

"नाय," हरेश म्हणाला. त्याने डब्याचं झाकण उचललं, बाटली आत ठेवली आणि सुतळीची गाठ मारली. "मी पण तुझ्याशी बोलायला म्हणूनच डबा खिडकीतून टाकला होता. पयल्या दिवशी मागे चार सीटा रिकाम्या होत्या."

हे मात्र तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. एवढी संशयी मुलगी, आणि नेमकं तेच सुटलं! ती हसली, मग तोही हसला, आणि कंडक्टर पास विचारत येऊन उभा राहिला तरी दोघांना दिसला नाही. डबा तिच्या मांडीवरच होता. त्याचं गार पाणी मुरबाडपर्यंत तिच्या ड्रेसवर गळत राहिलं, वासासकट, आणि तिने तो खाली ठेवला नाही.